अडीच बाय साडेतीन इंच

पिट्सबर्गमध्ये राहून बेसबॉलचं वेड लागणं एक वेळ समजू शकतं. पण आजी झाल्यावर कात्री, गोंद आणि पुठ्ठा घेऊन खेळाडूंची कार्डं घरी करत बसणं याला काय म्हणावं, हे आमच्या ह्यांना अजून ठरवता आलेलं नाही. इथे ही कार्डं म्हणजे मोठा धंदा. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याचे आकडे, आणि सगळं सीलबंद पाकिटात. पाकीट फोडल्याशिवाय आत कोण आहे ते कळत नाही, म्हणून पोरं पाकिटामागून पाकिटं घेत राहतात. मी त्या वाटेला गेले नाही. 'पायरेट्स' या इथल्या संघाचे जुने खेळाडू मी माझे मीच करते. मिरजेला भाऊ काड्यापेट्यांचे छाप जमवायचा, त्यातले दुबार आलेले मला मिळायचे. हौस तिथली म्हणा हवं तर. मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी विचारतंच, 'अहो, विकत मिळतात की, मग हा खटाटोप कशाला?' हातात प्रसादाची ताटली असताना एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहून काढते.

१. विकतची कार्डंही स्वयंपाकघरातच जन्मली.

१९५१ साली थंडीच्या तोंडाशी ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी साय बर्गर नावाचा माणूस वूडी गेल्मन या सहकाऱ्याला घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. 'टॉप्स' या च्युइंगगमच्या कंपनीत तो कामाला होता. पुठ्ठा आणि कात्री घेऊन त्यांनी बेत ठरवला: पुढे रंगीत चित्र, संघाचं बोधचिन्ह आणि खेळाडूची सही, मागे माहिती आणि आकडे. १९५२ साली त्या बेताची ४०७ कार्डं निघाली आणि आजही कार्ड म्हटलं की तेच रूप डोळ्यांपुढे येतं. त्यातली उशिरा छापलेली खपली नाहीत. गोदामात जागा अडवून बसल्यावर १९६०च्या सुमारास खुद्द बर्गरनेच ती बोटीत भरून समुद्रात बुडवली. त्याच मालिकेतलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं.

त्यामुळे 'पण हे खरं कार्ड नाही ना' असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही. टेबल, पुठ्ठा आणि कात्री माझ्याकडेही आहे.

किमतीच्या बाबतीत आमच्याच शेजारच्या कार्नेगी गावचा होनस वॅगनर याहून जुना. पायरेट्सचा शॉर्टस्टॉप. १९०९ ते १९११च्या दरम्यान सिगरेटच्या पाकिटांतून कार्डं यायची, त्यात त्याचंही होतं. ते लवकरच बंद झालं. मुलांनी कार्डासाठी सिगरेटी घेऊ नयेत म्हणून त्यानेच हरकत घेतली असं काही जण सांगतात, पैसे मिळाले नाहीत म्हणून घेतली असं दुसरे. त्यातलं एक २०२२मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरना गेलं. मी वॅगनरचं कार्ड केलेलं नाही. त्याला माझी गरज नाही.

२. पुठ्ठ्याचं ऐकावं लागतं.

सकाळच्या सीरियलचा खोका हा उत्तम पुठ्ठा. १९५७पासून टॉप्सचं माप अडीच बाय साडेतीन इंच आहे, मीही तेच धरते, कारण प्लॅस्टिकची पातळ पाकिटं त्याच मापाची मिळतात. चित्र एकाच बाजूला चिकटवलं तर पुठ्ठा सुकताना त्या बाजूला वाकतो, म्हणून मागचा कागदही त्याच दिवशी चिकटवायचा आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवायचा. ओला गोंद वर्तमानपत्राच्या कात्रणाला चालत नाही, मागच्या पानावरची शाई पुढे येते. आमच्या अँडी व्हॅन स्लाइकच्या कपाळावर एका सोफ्याच्या जाहिरातीतली अक्षरं उमटली आहेत. मला ती आवडतात. आणि कापणं सगळ्यात शेवटी, पोलादी पट्टी धरून, एका दमात. पातं अर्ध्यावर थांबलं की तिथे दात येतोच.

व्यापारी लोक भिंगातून कोपरे तपासतात. कोपरा झिजला की किंमत उतरली. माझी कार्डं हाताळायची आहेत, तेव्हा कोपरे झिजणारच.

३. ज्याचं कार्ड निघालंच नाही, त्याच्यापासून सुरुवात करावी.

आम्ही १९८५मध्ये इथे आलो तेव्हा पोलादाचे कारखाने एकेक करून बंद पडत होते, आणि पायरेट्स त्या वर्षी १०४ सामने हरले. होमस्टेडचा प्रचंड कारखाना पुढच्याच वर्षी बंद झाला. त्या गावाचं नाव मिरवणारा 'होमस्टेड ग्रेज' हा संघ एके काळी इथे होता, आणि हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीतला 'क्रॉफर्ड्स' हा दुसरा. दोन्ही कृष्णवर्णीयांचे, कारण गोऱ्यांच्या संघांत त्यांना प्रवेश नव्हता. जॉश गिब्सन या दोन्हींकडून खेळला. कॅचर, आणि चेंडू असा मारायचा की पाहणारे म्हातारे सांगताना अजूनही खुर्चीतून अर्धवट उठत.

जॅकी रॉबिन्सनने १५ एप्रिल १९४७ रोजी ती भिंत ओलांडली. गिब्सन त्याच वर्षी २० जानेवारीला गेला, ३५ वर्षांचा. अलेगेनी कबरस्तानातल्या त्याच्या कबरीवर १९७५पर्यंत साधी पाटीही नव्हती. गम विकणाऱ्या कंपन्यांनी त्याच्या हयातीत त्याला हिंग लावून विचारलं नाही. मग २०२४मध्ये कृष्णवर्णीयांच्या त्या जुन्या लीगचे आकडे अधिकृत आकड्यांत धरले गेले आणि एका रात्रीत हा माणूस फलंदाजीच्या सरासरीत सगळ्यांच्या वर जाऊन बसला: .३७२. टाय कॉबचे .३६७ खाली गेले. (बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे हजार वेळा बॅट धरली तर किती वेळा चेंडू मारून बेस गाठला, त्याचा हिशेब. तीनशेच्या वर गेलेला माणूस उत्तम.)

त्याच्या कार्डाची मागची बाजू मला दोनदा लिहावी लागली. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या फलकावर 'जवळजवळ आठशे होमरन' असं आहे. अधिकृत हिशेबात त्यातले फारच थोडे बसतात, कारण धावफलक सापडला तरच सामना मोजतात. गावोगाव फिरून खेळलेल्या सामन्यांचे कागद कोण ठेवणार? मी दोन्ही लिहिलं. वर फलकावरचं, खाली कागदावरचं. फोटोसाठी 'पिट्सबर्ग कुरिअर' या पत्राचे छायाचित्रकार टीनी हॅरिस यांच्या संग्रहाचा शोध लागला. हजारो निगेटिव्ह आता इथल्या कार्नेगी कलासंग्रहालयात आहेत. ज्या वस्तीकडे मोठी वर्तमानपत्रं फिरकत नव्हती, तिथली लग्नं, दुकानं, मोर्चे, चेंडू, सगळं त्या माणसाने टिपून ठेवलं. गिब्सनच्या कार्डासाठी बसले आणि दुपारभर अनोळखी लोकांची लग्नं बघत राहिले.

४. नाव त्याचं त्याला द्यावं.

रोबेर्तो क्लेमेंते पोर्तो रिकोचा. टॉप्सने १९५५ आणि १९५६च्या कार्डांवर त्याचं नाव नीट छापलं. १९५७पासून १९६९पर्यंत मात्र तो 'बॉब क्लेमेंते'. माणूस स्वतःला रोबेर्तो म्हणवतोय, त्याला बॉब आवडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण छापणाऱ्यांना बॉब सोयीचा. इथे नोकरीला लागल्यावर माझ्याही नावाची पहिल्याच आठवड्यात छाटणी झाली होती, तेव्हा ही गोष्ट मला फार समजावून सांगावी लागली नाही. त्या तेरा वर्षांची त्याची कार्डं मी पुन्हा केली आहेत. बेत टॉप्सचाच, पण नाव त्याचं.

मी त्याला खेळताना पाहिलेलं नाही. ३० सप्टेंबर १९७२ला त्याने ३,०००वी हिट मारली, ती त्याच्या नेहमीच्या मोसमातली शेवटची ठरली. बरोबर तीन हजार. डिसेंबरात निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात भूकंप झाला. मदतीचं सामान मधेच लंपास होतंय असं कानावर आल्यावर तो ३१ डिसेंबरला स्वतःच विमानात बसला, आणि ते विमान सान हुआनजवळ समुद्रात पडलं. तो सापडला नाही. हॉल ऑफ फेमसाठी खेळ थांबल्यावर पाच वर्षं वाट पाहावी लागते. त्याच्यासाठी नियम बाजूला ठेवून १९७३मध्येच निवड झाली. त्याचा क्रमांक २१, म्हणून तो ज्या बाजूला उभा राहायचा, त्या बाजूची भिंत आताच्या मैदानात २१ फूट उंच बांधली आहे.

त्याच्यापेक्षाही मला अवघड गेलं ते मॅनी सँगियनचं कार्ड. हा पनामाचा, कॅचर, क्लेमेंतेचा जिवलग. श्रद्धांजलीच्या प्रार्थनेला संघातले सगळे गेले, सँगियन नव्हता. तो समुद्रात बुड्या मारून मित्राला शोधत होता. त्याची सरासरी, त्याच्या हिट्स, सगळं माझ्याकडे लिहून तयार होतं. कार्डाच्या मागे एवढंच लिहिलं: 'जानेवारी १९७३, पाण्यात.'

५. हरण्याच्या वर्षांतच कार्डांना मजा येते.

१४ ऑक्टोबर १९९२ची रात्र इथे कुणाला विचारू नका. अटलांटात शेवटच्या इनिंगला पायरेट्स २–० पुढे होते आणि हरले ३–२. विजयाची धाव आणली ती सिड ब्रीमने, जो आदल्या काही वर्षांत आमचाच होता आणि गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांमुळे पळण्यात कासवाचा भाऊ. बॅरी बाँड्सने चेंडू फेकला, ब्रीम घसरत आला, सेफ. बाँड्स त्याच हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला. त्यानंतर १९९३ ते २०१२ सलग वीस मोसम या संघाने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या खेळात कुठल्याही संघाला एवढं सातत्य साधलेलं नव्हतं.

पण तिकिटं स्वस्त होती, आणि गंमत होती. २००१मध्ये व्यवस्थापक लॉइड मॅक्लेंडन पंचांवर चिडला, त्याला मैदानाबाहेर काढलं, तर त्याने फर्स्ट बेसची गादी जमिनीतून उपटली आणि काखोटीला मारून बरोबर नेली. मिलवॉकीला सामन्याच्या मधे सॉसेजच्या वेषातली माणसं शर्यत पळतात, त्यातल्या इटालियन सॉसेजला २००३मध्ये आमच्या रँडल सायमनने जाता जाता बॅटची टपली मारली. सॉसेज कोलमडलं, आतली मुलगी पडली, याला दंड आणि तीन सामन्यांची बंदी. कंपनी याची कार्डं करणार नाही, तिला विकायची असतात. माझ्याकडे मॅक्लेंडन गादीसकट आहे आणि सायमनच्या शेजारी सॉसेज आहे. याच काळात फ्रेडी सांचेझने २००६मध्ये .३४४ काढून लीगमध्ये पहिला नंबर मिळवला, हे आता पिट्सबर्गमध्येही आठवून सांगावं लागतं. त्यालाही कार्ड.

२०१३ला शेवटी बाद फेरी गाठली. लोकांनी विरोधी पिचर जॉनी क्वेटोच्या नावाचा असा गजर लावला की त्याच्या हातून चेंडू खाली पडला, आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन ठोकला. त्याचं कार्ड कुणीही करेल. मी केलं नाही.

६. दुसऱ्याची आठवण घ्यावी, पण पावती मागावी.

आमच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ १९६०च्या अंतिम सामन्याला, १३ ऑक्टोबरला, फोर्ब्ज फील्डवर हजर होते असं सांगत. (त्या मैदानावर जेवढी माणसं मावत, त्याच्या दसपट माणसं पिट्सबर्गमध्ये 'मी तिथे होतो' म्हणतात.) न्यूयॉर्कच्या यँकीजनी सात सामन्यांत मिळून ५५ धावा काढल्या होत्या, आमच्यांनी २७. तरीही शेवटच्या सामन्यात, शेवटच्या इनिंगला बिल मॅझेरॉस्कीने होमरन मारला आणि १०–९ने जिंकले. त्या मैदानाच्या भिंतीचा तुकडा विद्यापीठाजवळ अजून उभा आहे. दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे घडीच्या खुर्च्या घेऊन जमतात, त्या सामन्याचं रेडिओवरचं धावतं वर्णन पहिल्यापासून लावतात आणि साडेतीन वाजून गेल्यावर, ठरल्या वेळी, पुन्हा जिंकतात. मी थर्मासमधून चहा नेते.

शेजारी मात्र मॅझेरॉस्कीबद्दल बोलतच नसत. 'हॅल स्मिथ,' म्हणत, 'हॅल स्मिथ विसरू नकोस.' आठव्या इनिंगला या स्मिथने तीन धावांचा होमरन मारून संघाला ९–७ असं पुढे नेलं होतं. तेवढ्यावर संपलं असतं तर भिंतीपाशी त्याचं नाव घेतलं गेलं असतं. पण नवव्यात यँकीजनी बरोबरी साधली आणि पुढचं सगळं मॅझेरॉस्कीच्या पदरात पडलं. त्यात भर म्हणजे त्याच काळात सेंट लुईसला दुसरा एक हॅल स्मिथ होता, तोही कॅचरच! विस्मृतीत जायला याहून काय हवं?

शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकताना मला वाटे, म्हातारपणी माणूस मीठमसाला लावतोच. त्या सामन्याचं पूर्ण चित्रीकरण कुठेच नाही असं सगळे धरून चालले होते. मग २००९च्या अखेरीस गायक बिंग क्रॉस्बी यांच्या जुन्या घरातल्या दारूच्या तळघरात फिल्मच्या रिळांचे डबे सापडले. क्रॉस्बी संघाचे एक भागीदार; सामना बघायचा धीर होईना म्हणून पॅरिसला जाऊन बसले होते आणि मागे चित्रीकरणाची सोय करून गेले होते. ते टीव्हीवर लागलं त्या संध्याकाळी मी शेजाऱ्यांच्या शेजारी बसले होते. आठवी इनिंग आली, स्मिथने मारलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसता हात पुढे केला, पैज जिंकल्यासारखा. स्मिथचं कार्ड त्याच आठवड्यात झालं. पहिली प्रत त्यांना दिली.

७. छापील कार्डाला देव मानू नये.

१९५७च्या हँक एरनची निगेटिव्ह उलटी छापली गेली, त्यामुळे तो डावखुरा दिसतो. १९५९ला ल्यू बर्डेटने फोटोवाल्याची फिरकी घेतली. उजव्या हाताचा पिचर, डावखुरा होऊन उभा राहिला, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. १९६९च्या ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर तर ऑरेलिओ नाहीच, बॅटी सांभाळणारा पोऱ्या आहे. तेव्हा माझ्या एखाद्या कार्डावर टोपीचा रंग चुकला तर चालतं.

८. आपला माणूस दिसला की निकष थोडे ढिले पडतात.

२००८च्या नोव्हेंबरात पायरेट्सनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन मुलांना करारावर घेतलं. भारतात एका टीव्ही स्पर्धेत वेगाने चेंडू फेकून दाखवला आणि इकडे आले. त्याआधी बेसबॉल त्यांच्या गावीही नव्हता, रिंकू भालाफेक करायचा. आमच्या मंडळात ज्यांना इनिंग किती असतात ठाऊक नव्हतं तेही फोन करून विचारू लागले. दोघं खालच्या पायरीवरच्या लीगमध्ये खेळले, वर पोचले नाहीत. पुढे डिस्नेने सिनेमा काढला, रिंकू कुस्तीच्या रिंगणात गेला. मोठ्या मैदानावर न उतरलेल्याचं कार्ड करायचं नाही असा माझा नियम आहे. या दोघांचं जोडकार्ड आहे, आणि त्याबद्दल मी कुणाला उत्तर देणार नाही.

९. चिकटवायला घाबरू नये.

सिरॅक्यूजचे जेफरसन बर्डिक हे कार्डांच्या जगातले आद्य पुरुष. वॅगनरच्या कार्डाच्या मालिकेला 'टी २०६' म्हणतात ते त्यांच्याच सूचीवरून. संधिवाताने बोटं वाकलेली, तरी वर्षानुवर्षं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बसून त्यांनी तीन लाखांवर कार्डं आणि छापील चित्रं वह्यांत लावली. सरळ गोंदाने! आजचा कुठलाही व्यापारी ते ऐकून कपाळाला हात लावेल. जानेवारी १९६३मध्ये काम संपलं, मार्चमध्ये ते गेले.

माझ्या नातवाला गोंद पसंत नाही. तो आजच्या जमान्यातला. पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्स याच्या पदार्पणाचं, शर्टाचा तुकडा आणि सही असलेलं एकमेव कार्ड लॉस एंजेलिसच्या एका अकरा वर्षांच्या मुलाला पाकिटात मिळालं, हे त्याला तोंडपाठ. पायरेट्सनी त्या मुलाला बदल्यात तीस वर्षांची मोसमी तिकिटं देऊ केली, घरच्यांनी नाही म्हटलं आणि २०२५मध्ये ते कार्ड ११ लाख डॉलरच्या वर विकलं. 'आजी, तू असतीस तर?' मी तिकिटं घेतली असती. तो माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला की जणू मी त्याचा वारसाहक्क विकला.

१०. मागच्या बाजूला काय लिहायचं, हे कधीच सोपं होत नाही.

सध्या १ सप्टेंबर १९७१चा संच चालू आहे. त्या दिवशी मोठ्या लीगच्या इतिहासात प्रथमच एका संघाचे सुरुवातीचे नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होते: स्टेनेट, क्लाइन्स, क्लेमेंते, स्टार्जेल, सँगियन, कॅश, ऑलिव्हर, हर्नांडेझ आणि पिचर डॉक एलिस. पायरेट्स १०–७ने जिंकले. पिट्सबर्गची वर्तमानपत्रं तेव्हा संपावर होती, म्हणून इथलं एकही कात्रण मिळत नाही. फोटो इकडून तिकडून जुळवले. १९७१ची टॉप्सची कार्डं काळ्या कडेची होती, मीही कडा काळ्याच केल्या. पुठ्ठा कापला की काठाला पांढरं दिसतं, त्यावर काळं स्केचपेन फिरवावं लागतं आणि बोटं दोन दिवस काळी राहतात.

आठ झाली. अडलंय एलिसपाशी. १२ जून १९७०ला सॅन डिएगोत त्याने समोरच्या संघाला एकही हिट मारू दिली नाही, आठ वेळा वॉक म्हणजे फुकटचा बेस दिला तरीही. पुढे त्यानेच सांगितलं की त्या दिवशी तो एलएसडीच्या अमलाखाली होता. त्यानंतर तो सावरला आणि व्यसनात सापडलेल्यांना बाहेर काढण्याचं काम त्याने केलं. लेक म्हणते, 'आई, पोरगा ही कार्डं शाळेत नेतो, त्यातलं काही लिहू नकोस.' माझं म्हणणं, शेवटचं वाक्य लिहायचं तर मधलं गाळता येत नाही. हे म्हणतात, जागा कमी पडली असं सांगून टाक. मागची बाजू अजून कोरीच आहे. पुढच्या बाजूला केसांत कर्लर अडकवून सराव करणारा एलिस लावलाय, आणि त्यावर अद्याप कुणाची हरकत आलेली नाही.